प्रतिगुरुत्वाजवळचं घड्याळ

१९ ऑक्टोबर १९९६, शनिवार. कॅरी, अमेरिका

सव्वीस दिवस उरले. चौदा नोव्हेंबरला माझ्या इथल्या मुक्कामाची मुदत संपते. प्रसन्नने ग्रीन कार्डचे फॉर्म आणून ठेवलेत, सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून. "आई, तू अप्लाय कर. बाबा येतील मागून." बाबा येणार नाहीत, हे मुलालाही ठाऊक आहे.

रात्री साडेआठला नागपूरला फोन. तिथे रविवारचे सकाळचे सहा. आपल्या घरी फोन नाही, म्हणून गुरुनाथ समोरच्या शोभाकडे येऊन बसतो. एकतीस वर्षांचा संसार आता सात मिनिटांत उरकतो. कढीपत्त्याला पाणी घालतोस ना? "घालतो." मी सही करू, की परत येऊ? "तू ठरव."

"ये" म्हणाला असता तर लगेच बॅग काढली असती.

२१ ऑक्टोबर, सोमवार

उद्या सदराचा लेख जायला हवा. बावीस वर्षांत एकही मंगळवार चुकवलेला नाही. इथे आल्यावरही नाही.

चंद्रपूरचा एक वाचक विचारतो – वस्तूंना दूर ढकलणारं प्रतिगुरुत्व असतं, तर वेळेचं काय झालं असतं? तसं काही कुणाला सापडलेलं नाही, पण समजा. गुरुत्व जास्त, तिथे घड्याळ हळू. डोंगरमाथ्यावरचं घड्याळ पायथ्यापेक्षा किंचित पुढे धावतं, हे मोजलेलं आहे. मग ढकलणाऱ्या गोळ्याजवळ उलटं व्हायला हवं. जितकं जवळ, तितका काळ भरभर. लांबून पाहणाऱ्याचा एक दिवस सरतो, तोवर तिथल्याचा दुसरा सुरू झालेला. त्याला स्वतःला मात्र काही जाणवत नाही. त्याचा चहा नेहमीसारखाच गार होतो.

आन्या शाळेतून आली. नातीला मराठी कळतं, बोलत नाही. तिलाच वाचून दाखवलं.

"सो हू गेट्स ओल्ड फर्स्ट, आजी?"

"जवळ बसलेला."

"दॅट्स मीन." आणि टीव्ही लावला.

दिवसभरातलं एवढंच संभाषण.

२२ ऑक्टोबर

लेख गेला. प्रसन्नच्या ऑफिसातून फॅक्स.

२४ ऑक्टोबर

संपादकांचा उलट फॅक्स. "ताई, लेख उत्तम. 'समजा' अकरा वेळा आलंय, सात काढले. कधी येताय? – पंडित." असं विचारणारे ते एकटेच.

२६ ऑक्टोबर, शनिवार

फोन. पंखा दुरुस्त केलास का? "केला." माझ्या टेबलावर धूळ साचली असेल. "पुसतो." आवाज थकलेला वाटला. विचारलं तर म्हणाला, लवकर उठलो होतो. मग "तू ठरव."

मी इथे आले ती सुटकाच झाली, असं तर नसेल त्याला वाटत?

२७ ऑक्टोबर

विनीताने सकाळी घरातली घड्याळं एक तास मागे केली. मायक्रोवेव्हचं, गाडीचंसुद्धा. "हिवाळा लागताना इथे दर वर्षी सगळेच करतात, आई. एक तास एक्स्ट्रा झोप."

सून दुपारी झोपली. मी जागीच.

२ नोव्हेंबर, शनिवार

साडेआठला फोन लावला. शोभानेच उचलला.

"जयभीम वहिनी. आज उशीर केला नं? भाऊ पावणेसहापासून बसले होते. सात वाजले इथं."

इथलं घड्याळ मागे गेलं, नागपूरचं कसं जाणार? काळावर लेख लिहिणारी मी, आणि माझ्या हे लक्षात येऊ नये!

"मग घरून बोलावून आण त्याला."

"गेले नं ते. साडेसहाच्या बसने. कामठीला."

कामठीला कशाला, असं विचारलं. तिने हळूच सगळं सांगितलं. घरमालकाने जुलैमध्येच जागा खाली करून घेतली. तिथे आता नवी बिल्डिंग उठतेय. गुरुनाथ कामठीला पुतण्याकडे राहतो, बाहेरच्या खोलीत. दर रविवारी पहिल्या बसने येतो, माझ्या फोनसाठी. "तुमची कात्रणं माझ्याकडं ठेवलीत, वहिनी. दोन पेट्या. सांगू नको म्हणाले होते. माझं नाव घेऊ नका."

कढीपत्ता, पंखा, टेबल. चार महिने तो मला नसलेल्या घराची खुशाली सांगत होता.

३ नोव्हेंबर

कुणाशी बोलले नाही. शोभाला शब्द दिलाय. "ये" तो का म्हणत नव्हता, ते कळलं. कुठे ये म्हणणार?

तरी जायचं. एक खोली मिळेलच. पुतण्याची बाहेरची खोली मिळाली तरी चालेल.

५ नोव्हेंबर, मंगळवार

लेख गेला नाही. सकाळी प्रसन्नला कोरे फॉर्म परत दिले. म्हटलं, तिकीट काढ.

तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "आई, तिथे आता घर तरी कुठे आहे?"

मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं.