सुक्या केसाले फणी नाही

आई,

काल तुझ्या नातीनं जवस उकळले. मोबाइलवर कुणी बाई शिकवते म्हणे, कुरळ्या केसांना जवसाचं जेल. दुकानात त्याचीच एवढीशी बाटली मिळते, ती आपल्याला परवडत नाही म्हणून घरीच करते म्हणाली. पातेल्यातलं पाणी तार धरायला लागलं तेव्हा मी म्हटलं, आता गॅस बंद कर आणि गरम आहे तोवर गाळ, गार झालं की गाळता येत नाही. "तुला कसं माहीत?" तिनं विचारलं, आणि मग तुझ्याबद्दलच विचारत राहिली. आजीचे केस माझ्यासारखे होते का, किती लांब होते, शेवटच्या फोटोत तिच्या डोक्याला रुमाल का आहे. "दवाखान्यात कापले," मी म्हणाले. वीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले आहे. आज वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाउनमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, कोऱ्या पाठीवर हे लिहायला बसले.

तू हिंगण्याला कंपनीत पॅकिंगला होतीस. सहा दिवस सकाळची बस, आणि रविवार केसांचा. आपल्या खोलीला बोअरचं खारं पाणी यायचं, त्यानं केस काथ्यासारखे होतात, म्हणून नळाच्या पाण्याची एक कळशी तू दोन दिवस आधीपासून झाकून ठेवायचीस. त्यातलं पेलाभर मी प्यायला घेतलं तरी ओरडायचीस. रिठे इतवारीच्या बाजारातून आणायचीस, फुटके, कारण अख्खे महाग. कटपीसच्या दुकानातून साटिनचा एक तुकडा मागून आणून दोघींच्या उशांना खोळी शिवल्या होत्यास, सुती खोळीवर केस घासतात म्हणून. मी पाटावर बसते, माझी मान तुझ्या गुडघ्यांत, आणि तू आधी रिठे-शिकेकाई लावतेस, मग आंबट ताक, मग जवसाचं पाणी, आणि केस ओले असतानाच लाकडी फणी, टोकाकडून वर वर. "सुक्या केसाले फणी लावायची नाही वं. तुटते ते." माझं झालं की तुझे केस मी करायचे. तुझे कमरेच्या खाली होते. माझे दंड भरून यायचे आणि तू पेंगायला लागायचीस. आठवड्यात तेवढाच वेळ मी तुला स्वस्थ बसलेली पाहिली.

आठवीत वर्गातल्या बाईंनी मला उभं करून झिपरी म्हटलं, सगळा वर्ग हसला. घरी येऊन मी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर केस ठेवले आणि कपड्यांची इस्त्री फिरवली. वास आधी आला, मग डाव्या बाजूचे केस कागदाला चिकटून राहिले. तू बसमधून उतरून आलीस, बघितलंस आणि मला मारलंस. त्याआधी कधी मारलं नव्हतंस. "काहून केलं असं? माहे केस आहेत ते. माह्या मायनं सोडवून देल्ले मले." आणि मग चूल पेटवायची सोडून तू जमिनीवर बसून सांगितलंस. सात वर्षांची होतीस, ताप महिनाभर उतरला नाही, केस एकमेकांत गुंतून डोक्यामागे दोरखंडासारखा गठ्ठा झाला. गावातल्या बाया म्हणाल्या, देवीची जट आहे, हात लावू नका, पोरगी देवीची झाली. तुझी माय म्हणाली, आम्ही बुद्धाच्या घरचे, आम्हाले कायची जट! कापली असती तर म्हणाले असते, भिऊन कापली, आता कोप होईल. म्हणून तिनं कापली नाही. ओट्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तुला मांडीत घेऊन बसली आणि तेल लावून बोटांनी तीन दिवसांत तो गठ्ठा सोडवला. "एक केस तोडला नाही तिनं," तू म्हणालीस, आणि माझे जळलेले केस कात्रीनं नीट करायला घेतलेस.

मी बावीस वर्षांची, गोडाउनला नुकती लागलेली, तेव्हा तू कामावर पडलीस. कंपनीच्या गाडीनं दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. ऐकू येत होतं, कळत होतं. हो म्हणायला डोळे मिटायचीस. मी दिवसभर बिल्ट्या फाडायची आणि संध्याकाळी तुझ्याजवळ यायची. तुला पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं, कपडे धुणं, सगळं मी केलं. केसांना मात्र हात लावला नाही. उद्या करू म्हणत राहिले. नवव्या दिवशी कूस बदलताना माझी बोटं मागे अडकली. घामानं, उशीवर घासून, पूर्ण गठ्ठा झाला होता, हाताला लाकडासारखा लागत होता.

वॉर्डातली आया तुझ्याच वयाची होती. तिनं चाचपून पाहिलं. "निघते हे. दोन वाट्या तेल आण घरून, संध्याकाळची मी बसतो तुह्यासंगं. दोन-तीन दिवसांत निघते."

"कापून टाका," मी म्हणाले.

"विचारून तं पाह्य मायले. तिले ऐकू येते."

"तिला काय विचारायचं? घाण वास येतो आहे."

तिनं ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री आणून माझ्या हातात दिली. "मंग तूच काप. माह्यानं नाही होत."

तुझा डावा हात माझ्या ओढणीला आला. घट्ट धरलंस. मी तुझी बोटं एकेक करून सोडवली आणि कापले. कात्री बोथट होती, खूप वेळ लागला. तू आवाज केला नाहीस. तोंडातून आवाज निघतच नव्हता तुझ्या.

घरी आणल्यावर तू सोळा दिवस होतीस. डावा हात सारखा डोक्यावर जायचा, तिथून परत यायचा. म्हणून मी रुमाल बांधला. मी भरवायला बसले की भिंतीकडे तोंड करायचीस. मामीनं भरवलं तर खायचीस. मामीला वाटायचं, आजारात असं होतंच. तिनं एकदा विचारलं, केस कुणी कापले गं? तू जागी होतीस. डोळे उघडे होते. मी म्हणाले, "दवाखान्यातल्या आयानं. मला न विचारता." तू डोळे मिटले नाहीस. नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. नंतर तुझ्याकडून काही कळण्यासारखं आलंच नाही.

तू गेल्यावर मामानं दवाखान्यात जाऊन भांडण केलं. बहिणीचे केस त्या बाईनं विकले असतील, असंही म्हणाला. महिन्याभरानं सांगत आला, काढलं तिले कामावरून, बरं झालं. मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले. जाऊन खरं काय ते सांगायला मला अर्धा दिवस लागला असता. पुढं एकदा बर्डीवर बसची वाट बघताना ती मला दिसली, डोक्यावर विटा वाहून नेत होती एका बांधकामावर. तिनंही मला पाहिलं असावं. मी आलेली बस सोडून रस्त्याच्या पलीकडे गेले.

तुझ्या नातीला मी काल रात्री हे सांगणार होते. ती केसांना ते पाणी लावून, टीशर्टमध्ये बांधून, आरशासमोर खुशीत होती. नाही सांगितलं. मामा-मामी आता नाहीत, पुन्हा विचारणारं कुणी उरलं नाही; मी बोलले नाही तर घरात हे कुणालाच कधी कळणार नाही. सुट्टी संपत आली, बाहेर ट्रक लागला आहे. हा कागद बाकीच्या रद्दीबरोबर जाईल.

मी स्वतःला नेहमी सांगते की मी थकले होते, लहान होते, मला सुचलं नाही. थकले होते हे खरं आहे. पण कापून झाल्यावर ते सगळं पिशवीत भरून मी बाहेर टाकून आले, हात धुतले आणि दवाखान्याच्या फाटकाजवळच्या टपरीवर चहा घेतला. नऊ दिवसांत पहिल्यांदा मला चहाची चव लागली. मी अजून एक घेतला.