दोन बोटं वर, चार बोटं मागे

अण्णा, परवा नांदेडच्या एका गॅरेजात तुमची नात नव्या मोटरसायकलवर डोळे मिटून बसली होती. ती जनावरांची डॉक्टर आहे, हिमायतनगरला नोकरीला असते, दिवसभर खेड्यांतून गाडीवर फिरते. मान आणि मनगटं अवघडतात अशी तिची महिनाभर तक्रार होती. मिस्त्री म्हणाला, "ताई, पाठ सरळ करा. खांदे ढिले सोडा. आता हात पुढं करा, बघू नका." तिने हात पुढे केले, ते हँडलच्या अलीकडे हवेतच थांबले. त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून मिस्त्री मला म्हणाला, "बघा मॅडम, हँडल इथं पाहिजे. कंपनीनं तिथं लावलंय. कंपनीला काय माहीत, कोण बसून राहिलं ते." त्याने मधल्या पट्टीचे चार नट सैल केले, पुढे झुकलेलं हँडल उचलून मागे घेतलं, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पूर्ण वळवून क्लचची वायर ताणली जात नाही ना ते पाहिलं, आणि नट आवळले. दहा मिनिटं लागली असतील. मी बाकावर बसले होते, ती निघू म्हणाली तरी बसूनच होते. मुलीला वाटलं, ऊन लागलं. तिने पाण्याची बाटली दिली. मी पाणी प्याले.

मला तुमचा अर्ज आठवत होता. लातूर जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत थाटलेल्या, स्वयंपाकघरात कपाटं आणि ओट्यावर टाइपरायटर. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून फायली ट्रकने येत होत्या आणि नेमकी हवी ती फाइल मागे राहिलेली असे. आपण औशाला दोन खोल्यांत राहत होतो. तुम्ही विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायचं काम करत होतात आणि त्यासाठी खात्याने तुम्हाला मोटरसायकल दिली होती. आपल्या घरात सायकलीनंतर आलेलं ते पहिलं वाहन, आणि ते आपलं नव्हतं. तुम्ही ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत होतात. पाण्याची टंचाई होती, म्हणून एकच वाटी पाणी घेत होतात. आई चुलीपुढून म्हणायची, "लेकराचं तोंड कधी एवढं पुसलं न्हाई." तुम्ही म्हणायचात, "लेकरू सरकारचं न्हाई." आई हसायची. तुम्हीही हसत असाल, पण तोंड गाडीकडे असायचं.

त्या उन्हाळ्यात मी नांदेडहून कॉलेजच्या सुट्टीत आले होते. मराठी घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली होती. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. एक दिवस तुम्ही मला मागे बसवून बरोबर नेलं. गाडी तुमच्यापेक्षा उंच माणसासाठी बांधलेली होती. हँडल गाठण्यासाठी तुम्हाला पुढे वाकावं लागत होतं आणि अंगाचा भार मनगटांवर येत होता. दर सात-आठ मैलांवर तुम्ही थांबत होतात, हात झटकत होतात, तळवे एकमेकांवर चोळत होतात. विहिरीपाशी उतरल्यावर लगेच टेप सोडत नव्हतात. बोटांत जाण यायची वाट बघत होतात. मग टेपच्या टोकाला खडू चोळायचा, टेप खाली सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठपर्यंत भिजला ते वाचायचं. त्या दिवशी सहा विहिरी झाल्या. चार ठिकाणी खडू कोरडाच वर आला.

पाचवी विहीर तुमच्या स्वतःच्या गावची होती. गाव दिसायला लागल्यावर तुम्ही गाडी थांबवली, उतरलात आणि बराच वेळ हात चोळत उभे राहिलात. मी विचारलं, "इथं का थांबलो?" तुम्ही म्हणालात, "माझा बाप ह्या गावात वाकून चालला. मी गाडीवर बसून बी वाकूनच शिरून राहिलो." ती विहीर मला ठाऊक होती. तुमची आई तिच्यापासून दहा पावलांवर घागर ठेवून उभी राहायची आणि कोणी ओतलं तर पाणी घेऊन यायची, हे तुम्ही एकदाच सांगितलं होतं. आता तुम्ही त्या विहिरीच्या काठाला गुडघा टेकवून आत टेप सोडत होतात. भोवती पाच-सहा माणसं जमली होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, हाय का काही खाली?" तुम्ही टेप वर ओढलीत. "हातभर गाळ हाय काका, निस्ता." "मग मोजून काय पानी येतंय व्हय?" बाकीचे हसले. तुम्ही हसला नाहीत. "मोजून पानी येत न्हाई. टँकर येतो. मी कोरडी लिहिली तरच येतो." म्हातारा म्हणाला, "मग लिहा की, ठळक लिहा." तुम्ही वही त्याच्यासमोर धरलीत आणि त्याच्या देखत लिहिलंत. परतताना तुमची पाठ माझ्या अगदी समोर होती. वाकलेली होती, पण त्या दिवशी ती मला थकलेली वाटली नाही.

औशात बसस्टँडमागे एक म्हातारा मिस्त्री होता. त्याने स्वतःहून सांगितलं होतं, "साहेब, चार नट हायत. दोन बोटं वर, चार बोटं मागं. चहा गार व्हायच्या आत करून देतो." तुम्ही म्हणालात, "सरकारी गाडी हाय. अर्ज करावा लागंल." मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "अर्ज? नटाला वाचता येतंय का?" मला हसू आवरलं नाही. घरी आल्यावर मी तुमच्याशी भांडलेसुद्धा. हात तुमचे आहेत का सरकारचे, असं विचारलं. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "दुसऱ्यानं फिरवलं तर हँडल फिरवलं म्हनतील. मी फिरवलं तर म्हनतील, ह्या लोकांना वस्तू दिली की मोडूनच ठिवतात." मला तेव्हा ते पटलं नाही. मला वाटलं, दीक्षा घेऊन इतकी वर्षं झाली, आता कोण असं म्हणणार? मी वीस वर्षांची होते आणि वसतिगृहात राहत होते.

अर्ज मी लिहायचा ठरला, कारण घरात मराठी शिकणारी मी होते. तुम्ही खाटेवर बसून सांगितलंत. गाडीचं हँडल दूर आहे, त्यामुळे विहिरीपाशी पोहोचल्यावर काही मिनिटं टेप नीट धरता येत नाही, तरी हँडल दोन बोटं वर आणि चार बोटं मागे घेण्याची परवानगी मिळावी. एवढंच. वर म्हणालात, "जास्त लिहू नको, माय. साहेबाला वाचायला वेळ नसतो, आन आपल्याला दया नको." आज मला ते तुमचं वाक्य जसंच्या तसं बरोबर दिसतं. त्यात त्रास होता, कामाचं नुकसान होतं, मागणी होती. मला ते कोरडं वाटलं. मी शेवटी एक वाक्य घातलं: "हात बधिर होऊन प्रसंगी वाहनावर ताबा राहत नाही व जिवास धोका संभवतो." ताबा राहत नाही, असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. तुमचा ताबा कधी गेलाही नव्हता. पण ते वाक्य मला आवडलं. 'संभवतो' हा शब्द लिहिताना मला बरं वाटल्याचं आठवतं.

सही करण्याआधी तुम्ही म्हणालात, "वाच, कानावरून जाऊ दे." कागद हातात घेऊन तुम्ही स्वतः वाचू शकला असतात. तुम्हाला चांगलं वाचता येत होतं. पण मी वाचलेलं ऐकायला तुम्हाला आवडायचं. मी वाचलं. ते वाक्य आलं तेव्हा मी ते वाचलं नाही, त्यावरून सरळ 'आपला विश्वासू'वर गेले. तुम्ही ते खोडायला लावलं असतं, हे मला माहीत होतं. तुम्ही मान हलवलीत, "बास, असंच पाहिजे," म्हणालात आणि ठळक सही केलीत.

अर्ज लातूरला गेला. गाडी अजून जुन्या जिल्ह्याच्या नोंदीत होती, म्हणून तिथून तिकडे गेला. 'सदर वाहन या जिल्ह्याकडे नाही' असा शेरा घेऊन परत लातूरला आला. पाच महिने तुम्ही वाकूनच फिरत होतात. विचारणा करायला गेलात की कारकून म्हणायचा, "हँडलचा अर्ज ना? येतोय, वळून येतोय." मी दिवाळीला घरी आले त्याच आठवड्यात तुम्ही आदेश घेऊन आलात. आई भाकरी थापत होती. तुम्ही उंबऱ्यातच उभे राहून वाचलंत. कर्मचाऱ्याचा वाहनावर ताबा राहत नसल्याचे त्याने स्वतः कळविले असल्याने, वाहन काढून घेऊन त्यास जिल्हा कार्यालयात आवक-जावक टेबलावर नेमण्यात येत आहे. साहेब चांगले होते. त्यांनी हे दयेनेच केलं होतं, आणि त्यांना भेटून आलात तेव्हा त्यांनी तुम्हाला चहाही दिला होता.

तुम्ही मला विचारलंत, "ताबा राहत न्हाई, असं मी म्हनलो व्हतो का, माय?" मी म्हणाले, "हात बधिर होतात म्हणाला होता ना तुम्ही. त्याचा अर्थ तोच होतो." तुम्ही कागदाची घडी केलीत. "असंल. मीच नीट ऐकलं नसंल." आई म्हणाली, "बरं झालं. उन्हातान्हाचं हिंडनं मिटलं. आता पंख्याखाली बसा." तुम्ही जेवायला बसलात आणि अर्धी भाकरी ठेवून उठलात. दुष्काळात आपल्या घरी ताटात काही राहत नसे. आईने ती अर्धी भाकरी परत टोपलीत टाकली. मी दोन दिवसांनी नांदेडला निघाले तेव्हा तुम्ही बसपर्यंत आलात. बस सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणालात, "एक अर्ज लिहून देतीस? गाडी नीट चालवता येते म्हनून." मी म्हणाले, "परीक्षा झाल्यावर लिहिते." तुम्ही "हाव" म्हणालात. पुन्हा कधी विचारलं नाहीत.

तुमच्या जागी आलेल्या तरुण माणसाने पहिल्याच दिवशी औशाच्या त्या मिस्त्रीकडून हँडल फिरवून घेतलं. कोणाला विचारलं नाही आणि त्याला कोणी काही म्हटलं नाही. हे मला तुमच्याबरोबर काम केलेल्या एका शिपायाने तुम्ही गेल्यावर सांगितलं. एकदा ती गाडी लातूरच्या कचेरीच्या आवारात उभी होती. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलात, गाडीवर बसलात, दोन्ही मुठी धरल्यात आणि शिपायाला म्हणालात, "बरोबर हाय. एवढंच पाहिजे व्हतं." मग उतरून आत गेलात. सेवानिवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर बसलात. दुसऱ्यांनी मोजलेल्या पातळ्यांची पाकिटं तुमच्या हाताखालून जात होती. कुठल्या गावाची विहीर कोरडी आली ते तुम्ही रात्री जेवताना आम्हाला सांगत होतात, आणि आपल्या गावचं नाव आलं की सांगायचं थांबवत होतात. पुन्हा त्या गावी तुम्ही सरळ पाठीने किंवा वाकून, कसेच गेला नाहीत. गाडीवरून तर नाहीच.

मी पुढे तीस वर्षं मराठी शिकवलं. न घडलेलं वाक्यात घालू नका, असं मुलांना सांगत आले. मुलांना ती माझी शैलीविषयीची आवड वाटायची, आणि मी तसं वाटू दिलं. आत्ता हे लिहितानाही दोनदा असे शब्द आले जे तुमच्या आयुष्यात नव्हते. ते खोडले. हे पत्र मी मुलीला दाखवणार नाही. तिने वाचून दाखव म्हटलं, तर मी काय करीन याची मला खात्री नाही.

एक राहिलं. साहेबाने नीट लक्ष द्यावं म्हणून मी ते वाक्य घातलं, असं मी स्वतःला सांगत आले. वसतिगृहात मुली विचारायच्या, वडील काय करतात. पहिल्या वर्षी मी सांगितलं, विहिरी मोजतात. कोणी हसलं नाही. एकीने फक्त विचारलं, "म्हणजे रोज विहिरीत उतरतात का गं?" दुसऱ्या वर्षापासून मी सांगायला लागले की माझे वडील लातूरला जिल्हा कार्यालयात टेबलावर असतात. अण्णा, हे मी आदेशाच्या आधीपासून सांगत होते. अर्ज लिहिला त्या सुट्टीच्याही आधीपासून.