रहस्यकथेला वाहिलेलं हळदीकुंकू

अण्णा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. या महिन्यात तर तो चांगलाच वाढला आहे, कारण आई सध्या पुस्तकं ऐकते. मीच तिच्या मोबाइलमध्ये ती सोय करून दिली. सकाळी ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसते आणि कुणीतरी भारदस्त आवाजाचा माणूस तिला कादंबरी वाचून दाखवत असतो. "लई चांगलं वाचतंय हे लेकरू," ती म्हणते, "पर दम म्हणून खात न्हाय." मी आवाज मुद्दाम वाढवते. बाहेरच्या खोलीत तुमचा फोटो आहे, तिथपर्यंत जावा म्हणून.

तुम्ही असता तर म्हणाला असता, ऐकणं म्हणजे वाचन नव्हे. येडशीच्या वाचनालयाचे तुम्ही ग्रंथपाल. पुस्तक कसं धरावं, पान कसं उलटावं, हे सगळ्या गावाला शिकवलंत. बोटाला थुंकी लावणाऱ्याला तर दारातूनच हाकलायचात. घरातल्या बाईला अक्षरओळख करून द्यायला मात्र तुम्हाला कधी सवड झाली नाही. वर चारचौघांत "आमची मंडळी अंगठेबहाद्दर" म्हणून हसायचात. ती आतून चहा घेऊन येत असायची तेव्हा.

मी पाचवीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आई, शेजारच्या दोघीतिघी आणि समोरची चाची आपल्या ओसरीवर बियाण्याच्या शेंगा फोडायला बसायच्या. तुम्ही घरी आणलेली एक रहस्यकथा मी त्यांना वाचून दाखवायचे. त्या बायकांना वाचन ऐकायची एकच रीत ठाऊक होती, पोथीची. म्हणून मग पाटावर धुतलेलं फडकं, त्यावर पुस्तक. आईनं हळदीकुंकू वाहिलं. चाची म्हणाली, "म्या बी रिकाम्या हातानं न्हाय बसत," आणि तिनं साखरेची पुडी ठेवली. कव्हरवर पिस्तूल रोखलेला माणूस, त्याच्या कपाळाला कुंकू! खून पडला की आई हात जोडते, शेंग तशीच मुठीत. मला हसू फुटतं, त्यांना नाही.

सतरावं प्रकरण चालू असताना तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. "ह्ये काय चालवलंय? वाचनालयाचं पुस्तक हाय, देव न्हाय!" आई पदरानं कव्हर पुसायला गेली, तर डाग आणखीच पसरला. तुम्ही पुस्तक हिसकावलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "ज्याला वाचता येतं, त्याचंच पुस्तक. तुमी शेंगा फोडा." चाचीनं पुडी उचलली, आणि ती पुन्हा कधी आपल्या ओसरीवर बसली नाही. डागाचं तुम्हाला फार वाईट वाटलं, अण्णा. आईच्या तोंडाकडं तुम्ही पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलं. तुम्हाला माफ करायचं तर ते तोंड विसरावं लागेल, आणि ते मला विसरायचं नाही.

गोष्ट तिथंच राहिली. गेल्या मंगळवारी एक कादंबरी ऐकून संपली, तशी आई मोबाइल बाजूला ठेवून म्हणाली, "आपली ती ऱ्हायलेली गोष्ट ह्यात असंल का गं? दिवाणजीनं मारलं का सुनेनं?" चाळीस वर्षं ती दोन संशयित घेऊन बसली आहे! मी मोबाइलवर शोधलं, वाचनालयात जाऊन आले. ती प्रत कधीच रद्दीत गेली म्हणे.

सगळं तुमच्या माथी मारून इथंच थांबणार होते. पण हे कागद तुमच्यापर्यंत पोचायचे नाहीतच, तर एवढंही लिहून टाकते. तुम्ही पुस्तक हिसकावलंत, त्याच आठवड्यात मी वाचनालयात तुमच्या टेबलाशेजारी बसून ते संपवलं होतं. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं मला दाखवत होतात आणि मला ते आवडत होतं. घरी आले, तर आईनं चुलीपाशी हळूच विचारलं, "कुणी मारलं गं?" मी मान ताठ करून म्हणाले, "वाचायला शीक की, मग कळंल." त्यानंतर तिनं विचारलं ते थेट गेल्या मंगळवारी. मी "दिवाणजीनं" म्हणून ठोकून दिलं. तिचं समाधान झालं. खरा शेवट मला आता आठवत नाही.