ओठ मिटलेले, दात सुटे

सातारा, ७ जाने. ४६
पाचवीला कविता म्हणून दाखवताना जबडा अडकला. तोंड दोन बोटांपुरतं उघडलं, पुढे नाही. उजव्या कानापुढे कळ. उरलेल्या ओळी फळ्यावर लिहिल्या. वर्षभर घास चावताना कट् वाजत होतं, लक्ष दिलं नाही.

८ जाने.
शाळेचे चिटणीस भाऊसाहेब आले. "बाई, तीस वर्षं बोललात, आता तोंडाला विश्रांती द्या." स्वतःच हसले. सून बी.ए. झालीय, तिला माझ्या खुर्चीत बसवायची घाई. ११ फेब्रु.ला इन्स्पेक्टर. त्यांच्यापुढे मी पाठ घेऊ शकले नाही तर खुर्ची गेली, एवढं सुचवून गेले. चहा मात्र दोन कप प्यायले.

१२ जाने.
डॉ.नी कानात तेल सोडलं. कानात काही नाही म्हटलं तर "मग वय." वैद्यबुवा म्हणाले, वात. तोंडात बोट घालून बघावं असं दोघांनाही वाटलं नाही.

सांगली, १९ जाने.
ताईकडे. इथल्या दातांच्या डॉ.नं खालची दाढ उपटली. धडधाकट दाढ! हातावर घेऊन मलाच दाखवली, "किती घट्ट होती बघा!" कळ जिथल्या तिथे. आता तोंड दीड बोट. गाढव.

२१ जाने.
ताई म्हणते, दुपारी झोपेत तू दात खातेस, पडवीत ऐकू येतं. तिच्या मते जंत. वावडिंगाचा काढा पुढ्यात. चोपन्नाव्या वर्षी जंत! मोरीत ओतला.

२३ जाने.
ताईनं परस्पर एक माणूस बोलावला. तातोबा, मूळचा कोरेगावचा. लढाईत पलटणीच्या दवाखान्यात ड्रेसर, फुटलेले जबडे बांधायचा. नखं स्वच्छ, हे मान्य. दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून म्हणाला, "उघडा. मिटा. आवं बाई, दाढंचा काय दोष? ह्यो सांधा हाय. दाराला रोज लोंबकाळलं तर बिजागरी ऱ्हाईल व्हय?"
"मी कुठे लोंबकळते?"
"आत्ता. मी आल्यापासनं दातावर दात हाय तुमचा."
उद्धट. खरं होतं.

२४ जाने.
अंगठ्यांना फडकं गुंडाळून आला. फडकं कशाला, विचारलं. "सुभेदारसायबबी चावल्यात. तुमी तर मास्तरीण." उपटल्या दाढेची जागा टाळून खालच्या दातांवर दाब, खाली आणि पुढे. डोळ्यांत पाणी. कट्. अडीच बोटं!
मग हुकूम : गरम फडक्याचा शेक, मऊ भात, सुपारी बंद, जांभई आली की हनुवटीखाली मूठ. "आन दिसभर ओठ मिटल्यालं, दात सुटं. कुणाचा राग आला की आवळतंय बघा."
मला कुणाचा राग येत नाही, म्हटलं. तो ताईकडे बघून हसला. तीही हसली. लाज नाही.

सातारा, २ फेब्रु.
मोजते आहे. दाढ उपटणारा आठवला, दातावर दात. वैद्यबुवा, तेच. भाऊसाहेब, एका दिवसात नऊदा. मुलींपुढे एकदाही नाही. तातोबाला हे कळवायचं नाही.
सुपारीवाचून जेवण संपल्यासारखं वाटत नाही.

८ फेब्रु.
भाऊसाहेब सुनेला, सुमतीला, वर्ग दाखवायला घेऊन आले. "बाई, सूनबाईनं पाठ तयार ठेवलाय. सहज आपला. ऐन वेळी तुमचं तोंड..." उत्तर जिभेवर होतं, चांगलं धारदार. दात सुटे ठेवले. दात सुटे ठेवून माणसाला फाडता येत नाही, असं दिसतं. नुसतं बघत राहिले. ते गडबडले, टोपी विसरून गेले. टोपी शिपायाकडून पाठवली.
तीन बोटांना थोडं कमी.

११ फेब्रु., शाळेत, साडेदहा
शेक घेतला. बोटं लावली. तीन, जेमतेम. कविता तीच, जिथे अडकले होते ती.
भाऊसाहेब फाटकाशी हार घेऊन. सुमती आत्ता इथे येऊन गेली. "बाई, तुम्हीच घ्या पाठ. मला नाही घ्यायचा, पण मामंजींना सांगायची सोय नाही." कानापुढे गालाची शीर उडत होती. तिच्या पाठाच्या वहीतलं शुद्धलेखन भयंकर आहे, त्यावर मी काय काय म्हटलंय ते आठवलं.
"कट् वाजतं?" विचारलं.
चमकली. "जेवताना. तुम्हाला कसं कळलं?"
"ओठ मीट. दात सोड."
इन्स्पेक्टरांचा टांगा आला. घंटा होतेय. दात सुटे आहेत. माझे तरी, या ओळीपर्यंत