दानम्माला बेटावर पाठवू नकोस

पोर्ट ब्लेअर, अंदमान
ता. ७ जुलै १९२८

चि. भाऊ कल्लप्पास थोरल्या चन्नप्पाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

बेट पाहून सूनबाईला, दानम्माला, पाठवायचं की नाही ते कळवतो, असं सोलापूर सोडताना बोललो होतो. खरं तेच लिहितो. बेट हिरवंगार आहे, शांतही आहे. पण ज्वारी नाही, दोन्ही वेळ भात. धोतर वाळत नाही, पायाला जळवा लागतात, पूजेला बेलाचं पान मिळत नाही. तू म्हणशील, दादा कुरकुरतो. हे सगळं सोसता येईल.

सोसत नाही ते माझ्या पोराचं, संगप्पाचं. खुनाच्या शिक्षेवर येऊन बारा वर्षं झाली, सरकारने कसायला जमीन दिली, येत्या चैत्रात सुटकाही आहे, बायकोला बोलावतो, म्हणजे निवला असेल असं मी धरून चाललो. परवा बैल नांगराला अडला, तर त्याने खुंट्याने त्याचा डोळा फोडला. शेजाऱ्याची शेळी वेलात शिरली, तिचे पाय तोडून तिला त्याच्याच दारात टाकलं. तो बोलायला आला, त्याचे दात पाडले. मी मधे पडलो, तर म्हणाला, म्हाताऱ्या, तुझे किती उरलेत ते मोजू का? आणि हसला की!

दानम्माचा खांदा यानेच मोडला होता. आपण बैलाने पाडलं म्हणून सांगत फिरलो. तिला पाठवू नकोस. त्याला वाचता येत नाही. आता कोयता मांडीवर घेऊन समोर बसलाय, काय लिहिलं ते वाचून दाखव म्हणतो. तिला बोलावलंय, असंच वाचून दाखवेन.

गोठ्याची कडी लावत जा. विसरू नकोस, कडी लावत जा. लोभ आहेच, तो राहू दे.
चन्नप्पा


सोलापूर
ता. २ ऑगस्ट १९२८

तीर्थरूप दादांच्या पायांवर कल्लप्पाचं डोकं. वि. वि.

कडी लावतो. तुझ्या धाकाने उठून दोनदा बघतो, बायको हसते.

पत्र दानम्माला वाचून दाखवलं. ती गाठोडं बांधून बसली होती, उठली आणि सोडून टाकलं. मग म्हणाली, मामंजींनी माझ्यासाठी पहिल्यांदा खरं लिहिलं. पण येत्या चैत्रात सुटून ते इथंच आले तर, असं तिने विचारलं. तिला आम्ही पाठवत नाही. मुक्या जनावराचे पाय तोडणाऱ्याजवळ तूही राहू नकोस, मिळेल त्या बोटीने ये. आमच्यावर माया ठेव.
तुझा कल्लप्पा


पोर्ट ब्लेअर
ता. १० सप्टेंबर १९२८

चि. कल्लप्पास आशीर्वाद. वि. वि.

अक्षर मुनशी मानसिंगांचं आहे, मजकूर माझा.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तापाने पडलो होतो. संगप्पाने ते यांच्याकडून वाचून घेतलं. यांना काय ठाऊक, यांनी अक्षर न् अक्षर वाचलं. चूक माझी. कडी लाव हे दोनदा लिहिलं, आणि उत्तरात यातलं काही लिहू नकोस हे एकदाही लिहिलं नाही.

तो ओरडला नाही. मला अंथरुणातून ओढून नारळ फोडायच्या ओंडक्याजवळ बसवलं, लेखणी कोणत्या बोटांत धरतोस ते विचारलं आणि कोयता घातला. अंगठा आणि पहिलं बोट गेलं. शेजारी धावून आला, त्याच्याही दंडावर वार केला. चौघांनी मिळून त्याला बांधला.

दवाखान्यात तुरुंगाच्या साहेबांनी विचारलं, नारळ फोडताना झालं का? शेजाऱ्याच्या दंडावरचा वार त्या दोघांच्या जुन्या भांडणावर गेला असता. मी हो म्हटलं असतं, तर संगप्पा चैत्रात सुटला असता. साहेबांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी पोराचं नाव सांगितलं. आता तो बेड्यांत आहे, सुटका गेली. दानम्माला तेवढं सांग.

नेताना तो माझ्या खाटेपाशी थांबला. अप्पा, लई दुखतंय का, असं त्याने विचारलं. मी व्हय म्हणालो. त्याने मान हलवली आणि शिपायाबरोबर गेला.

पुढच्या बोटीने निघतो. तुम्हा सर्वांचा जीव माझ्यावर असू द्या.
चन्नप्पा