माणशी वीस किलो कोको

सदाशिव पेठ, पुणे
गुरुवार

प्रिय आईस,
उत्तरेश्वरचा नमस्कार.

फोनवर तू आवाजावरून सगळं ओळखतेस, म्हणून पत्र लिहितोय. मी मजेत आहे. मेसचं जेवण चांगलं आहे, फक्त आमटीतही गूळ घालतात. तुझा गुडघा कसा आहे?

तू गावभर सांगितलंस तसा मी चॉकलेटच्या कारखान्यात नाही. देशात कोको किती पिकतो आणि बाहेरून किती आणावा लागतो, याचा अहवाल आमचं ऑफिस तयार करतं. आपल्याकडे पीक वाढतंय, पण चॉकलेट खाणारे त्याहून वेगाने वाढलेत.

सोमवारी मी त्या अहवालात किलोच्या जागी टन लिहिलं. आमच्या साहेब तनुजा मॅडम. त्यांनी शांतपणे विचारलं, "उत्तरेश्वर, तुमच्या आकड्यांनुसार देशात माणशी वीस किलो कोको पिकलाय. माझे वीस किलो कुठे ठेवलेत?"

सगळं ऑफिस हसलं. मी न जेवता एकेक आकडा पुन्हा तपासला, तर मॅडमचीच एक चूक सापडली. बेरजेत त्यांनी केरळचं पीक दोनदा धरलं होतं. सांगावं की गप्प बसावं? शेवटी कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो आणि सांगितलं.

त्यांनी पेनाने केरळची एक ओळ खोडली. मग म्हणाल्या, "नोकरीत कायम करायचं तीन महिन्यांनी बघू. पण उद्यापासून माझे आकडेही तुम्हीच तपासा."

आप्पांना टनाचं सांगू नकोस. केरळचं मात्र सावकाश, दोनदा सांग.

तुझा,
उत्तरेश्वर