मधल्या वाणाचा मका

वेस्टबी, विस्कॉन्सिन
८ फेब्रुवारी १९८७

ती. राग्नाताईस हाल्वरचा सा. न. वि. वि.

काल बियाण्याचा माणूस येऊन गेला. यंदा चाळीसही एकरांत दाण्याचा मका लावतोय. लवकर येणारं, बुटकं वाण. ताट कडक, कणीस भरदार. तुम्ही आयोवाकर दाण्यातले पंडित, म्हणून विचारतो, बरं आहे ना? बटाटे रोज करपवतो, पण जेवतो. पेडर भावोजींना नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुझा हाल्वर

डेकोरा, आयोवा
१७ फेब्रुवारी

चि. हाल्वरला अनेक आशीर्वाद.

वाण चांगलंच आहे. पण तुझ्या सव्वीस गाई हिवाळ्यात काय खातील, माझं डोकं? मुरघासाला तू नेहमी उंच, पानाळ मका लावतोस, हिरवा असतानाच ताटासकट कापून गाईंसाठी मुरवत ठेवतोस. यंदा तो एक एकरही नाही! आणि अख्ख्या पत्रात एका गाईचं नाव नाही. स्वतःच्या लग्नाच्या पत्रात तीन गाईंची खुशाली कळवणारा माणूस तू! विकतोयस ना? खोटं बोलू नकोस, तुझी दुपटी मी धुतलीत.

ताई

वेस्टबी
१ मार्च

ती. ताईस सा. न.

पकडलंस. एप्रिलात लिलाव ठरवलाय. एकतीस वर्षं गोठ्यातली एक रांग माझी, एक एलिनची. धारा काढताना ती पलीकडून गावभरच्या बातम्या सांगायची. ती जाऊन पाच महिने झाले. एकट्याने काम उरकतं गं, शांतता उरकत नाही.

हाल्वर

डेकोरा
९ मार्च

चि. हाल्वरला आशीर्वाद.

आधी रडले, मग तुला शिव्या घातल्या. गाई ठेवच असं नाही म्हणत. पण दुःख ताजं असताना गोठा रिकामा करू नये. आमच्या बियाणेवाल्याकडे एक मधलं वाण आहे. सप्टेंबरात हिरवं कापलं तर मुरघास, उभं ठेवलं तर पुढे दाणा. तेच लाव, काय ते तेव्हा ठरव. एप्रिलभर मी येतेय. पेडर उकडलेल्या अंड्यांवर जगेल. माझी बडबड ऐकून तू हात जोडशील. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

ताई

वेस्टबी
१४ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल अर्धा मका हिरवा कापून मुरघास भरला. अर्धा दाण्यासाठी उभा आहे. आता सांगतो, तू परत गेल्यावर लिलाववाल्याला पुन्हा फोन लावला होता. मग पेरणी आली आणि राहून गेलं. गेल्या आठवड्यात सोळा गाई शेजारच्या आइनारला दिल्या, दहा ठेवल्या. दहा मला झेपतात. ट्रकमध्ये चढताना म्हातारी डॅग्नी गाय वळून बघत राहिली. मी गोठ्यात जाऊन रडलो, एलिनच्या वेळीही नव्हतो रडलो तेवढा. बरं वाटलं.

आइनार म्हणतो, दहा गाईंचं काय एवढं, चार दिवस मी बघतो. तेव्हा नाताळाला तुझ्याकडे येतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. येताना काय आणू, ते कळव.

तुझा हाल्वर